कुत्र्याचा शाम्पू आणि पाकिटामागची बारीक अक्षरं

मे महिन्यातली दुपार. शेजारच्या काकू बोटाएवढी प्लास्टिकची नळी घेऊन दारात उभ्या. "पाह्य बरं बेटा, काय लिहून आहे याच्यावर. मले तं चष्म्यातूनही दिसत नाही." त्यांच्या मांजरीला, मनीला, गोचिड्या झाल्या होत्या. दुकानदाराने खोक्यातून एक नळी काढून सुटी दिली आणि मानेवर थेंब टाका म्हणून सांगितलं. थेंब टाकून तीन तास झाले होते आणि मनी पडल्या पडल्या थरथरत होती. नळीवर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत औषधाचं नाव, बॅच नंबर आणि मुदत. बाकी काही नाही.

त्या नावात परमेथ्रिन होतं. कुत्र्याच्या अंगावर ते चालतं. मांजरीच्या यकृताला ते तसं मोडून बाहेर टाकता येत नाही; अंग थरथरतं, झटके येतात, जीवही जातो. मनीला टॉवेलमध्ये गुंडाळून आम्ही दवाखान्यात पळालो. डॉक्टरांनी आधी साबणाने औषध धुऊन काढलं, मग थरथर थांबवायची इंजेक्शनं आणि सलाइन. मनी वाचली. दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात जाऊन खोकं मागून पाहिलं. त्यावर मांजराचं चित्र होतं आणि चित्रावर फुली. इशारा छापलेला होता, पण खोकं दुकानातच राहिलं आणि नळी एकटीच काकूंच्या घरी आली.

मी पाकिटांची आर्टवर्क करते: पाउच, खोकी, बाटल्यांची लेबलं. नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरीच्या छोट्या उद्योजकांकडून गेल्या काही वर्षांत कुत्र्या-मांजरांच्या वस्तूंची कामं बरीच येतात आणि त्यातल्या काहींना माल परदेशी पाठवायचा असतो. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, एकच पाउच सगळीकडे चालेल ना?" छपाईचे सिलेंडर महाग असतात, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पण उत्तर नाही असंच द्यावं लागतं. ते का, हे कळलं की आपल्या घरातलं पाकीटही जरा वेगळ्या नजरेने वाचता येतं.

ही वस्तू नेमकी आहे काय?

लेबलवर काय लिहायचं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की त्या देशाचा कायदा या वस्तूला काय समजतो.

उदाहरण म्हणून कुत्र्यांसाठीचा संत्र्याच्या वासाचा शाम्पू घेऊ. माझ्या एका ग्राहकाने खरोखरच बनवलाय. नागपूरचा माणूस दुसरा वास कशाला शोधेल! माणसांच्या शाम्पूची बाटली टेबलावर ठेवून तो म्हणाला, अगदी असंच लेबल करा. तिथेच काम अडलं. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांसाठी १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे आणि त्यातली सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या मानवी शरीरापुरती आहे. अमेरिकेच्या कायद्यातही तेच. युरोपीय संघाच्या १२२३/२००९ क्रमांकाच्या नियमातही तेच. म्हणजे तिन्ही ठिकाणी कुत्र्याचा शाम्पू हे सौंदर्यप्रसाधन नाही. सीमाशुल्काच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत मात्र प्राण्यांची प्रसाधनं ३३०७ या शीर्षकाखाली, माणसांच्या प्रसाधनांच्याच प्रकरणात बसतात. बंदरावरचा कागद एक सांगतो आणि बाटलीवरचा दुसरा. नवखा उद्योजक इथे हमखास गोंधळतो.

मग तो शाम्पू आहे तरी काय? ते बरंचसं तुमच्या दाव्यावर ठरतं. अमेरिकेत 'अंग स्वच्छ करतो, केस मऊ होतात' एवढंच लिहिलं तर ती साधी निगा राखण्याची वस्तू. 'खाज बरी करतो' लिहिलंत की ते प्राण्यांचं औषध झालं आणि तिथल्या अन्न-औषध खात्याची, म्हणजे एफडीएची, मंजुरी नसेल तर विकता येणार नाही. 'गोचीड मारतो' लिहिलंत तर ते कीटकनाशक. मग ईपीए, म्हणजे तिथली पर्यावरण संस्था, लक्ष घालते. तिच्याकडे नोंदणी हवी, नोंदणी क्रमांक लेबलवर हवा आणि मुलांच्या हाताला लागू देऊ नका ही सूचनाही हवी. बाटलीतला द्रव तोच असला तरी एका वाक्याने खातं बदलतं.

युरोपात आणखी एक वळण आहे. माणसांचं तयार प्रसाधन रसायनांच्या धोका-लेबलांच्या नियमातून वगळलेलं आहे. कुत्र्याचा शाम्पू प्रसाधन नाही म्हणून त्याला ती सूट नाही. त्यामुळे १२७२/२००८ या नियमाप्रमाणे तपासणी करावी लागते आणि गरज पडली तर लाल कडेच्या चौकोनात उद्गारचिन्ह छापावं लागतं. संत्र्याच्या सालीच्या तेलात मुख्य घटक असतो लिमोनीन आणि तो त्वचेला ॲलर्जी आणू शकणारा म्हणून नोंदलेला आहे. प्रमाण ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं की 'यात लिमोनीन आहे, ॲलर्जी होऊ शकते' हे लिहावंच लागतं. ग्राहकाचा चेहरा पडला. "संत्रा तर नैसर्गिक आहे ना?" नैसर्गिक आहेच. पण नियम पदार्थाचा जन्म कुठला ते विचारत नाही, कातडीवर तो काय करतो ते विचारतो. मला हा नियम पटतो.

खाद्याचं पाकीट

आपल्याकडे लोक मला विचारतात, "कुत्र्याच्या खाद्यावर एफएसएसएआयचा नंबर नाही, म्हणजे माल बनावट का?" बनावट नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात 'अन्न' म्हणजे माणसाचं अन्न. जनावरांचं खाद्य त्या व्याख्येतून बाहेर ठेवलेलं आहे. अमेरिकेच्या कायद्यात नेमकं उलट: तिथे 'माणसाने किंवा इतर प्राण्यांनी' खायची प्यायची वस्तू म्हणजे अन्न. त्यामुळे कुत्र्याच्या बिस्किटावर तिथे एफडीएची थेट नजर असते. युरोपने खाद्याचा वेगळाच नियम केला, ७६७/२००९.

मग भारतात पाकिटावर सक्ती कशाची? मुख्यतः वैधमापनाच्या २०११ च्या नियमांची. म्हणजे वजनकाटे तपासणाऱ्या खात्याचे नियम. बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं साधं नाव, निव्वळ वजन, निर्मितीचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, आयात मालावर मूळ देश. हे सगळं ग्राहकाच्या खिशाचं रक्षण करतं. पाकिटात काय आहे आणि ते कोणत्या जनावराला पुरेसं आहे, हे विचारणारं कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचं भारतीय मानक आहे, आयएस ११९६८. पण ते पाळणं ऐच्छिक आहे. हे सक्तीचं व्हायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. वजन बरोबर असलेलं निकृष्ट खाद्य कुत्र्याच्या काय कामाचं?

अमेरिकेत पाकिटावरचं नावसुद्धा मोजून द्यावं लागतं. राज्यांच्या खाद्य-नियंत्रकांची आफ्को नावाची संघटना १९०९ पासून आहे. ती नमुना-नियम तयार करते आणि बहुतेक राज्यं ते आपल्या कायद्यात घेतात. नुसतं 'कुत्र्यांसाठी चिकन' असं नाव असेल तर घातलेलं पाणी सोडून किमान ९५ टक्के चिकन हवं. 'चिकन डिनर' म्हटलं की २५ टक्के पुरे. 'चिकनसह' म्हटलं की ३ टक्के. आणि 'चिकन फ्लेवर' म्हटलं की चव ओळखू येण्याइतकं असलं तरी चालतं. चार पाकिटांवर कोंबडीचा फोटो तोच, अक्षरंही तितकीच मोठी, पण एका शब्दाने ९५ चे ३ होतात. युरोपातल्या उत्पादकांच्या संहितेत 'चिकनसह' म्हणायला ४ टक्के लागतात. म्हणून अमेरिकेसाठी केलेलं पाकीट जसंच्या तसं युरोपात नेता येत नाही, नाव इंग्रजीत असलं तरी.

आता मागची बाजू. अमेरिकी पाकिटावर हमीचा तक्ता असतो: किमान प्रथिनं, किमान स्निग्धांश, कमाल तंतू, कमाल पाणी. या तक्त्याने ग्राहक फसतो, कारण पाण्याचं गणित कोणी करत नाही. कोरड्या दाण्यांच्या पिशवीवर प्रथिनं २४ टक्के, पाणी १०. ओल्या खाद्याच्या डब्यावर प्रथिनं ८ टक्के, पाणी ७८. दुकानात उभं राहून कोणीही म्हणेल, पिशवीत तिप्पट प्रथिनं. पण पाणी बाजूला काढा. पिशवीत उरले ९० भाग, त्यात प्रथिनं २४, म्हणजे साधारण २७ टक्के. डब्यात उरले २२ भाग, त्यात ८, म्हणजे ३६ टक्के. निकाल उलटा लागला. मोबाइलवर दहा सेकंदांचा भागाकार आहे, जरूर करून बघा. अर्थात डब्यातलं पाणीही तुम्ही विकतच घेता, हेही ध्यानात ठेवा.

त्या तक्त्यात 'प्रथिनं' एवढंच नसतं, 'क्रूड प्रथिनं' असतं. या क्रूड शब्दाने अनेक कुत्र्या-मांजरांचे जीव घेतले आहेत. प्रयोगशाळा प्रथिनं थेट मोजत नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते, कारण प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. आता ज्याला प्रथिनांचा आकडा फुगवायचा आहे त्याला नायट्रोजन असलेलं काहीही चालतं. मेलामाइन हे प्लास्टिकच्या ताटल्यांसाठी वापरायचं रसायन. त्याच्या वजनातला दोन तृतीयांश भाग नायट्रोजन. गुणाकार केला तर 'प्रथिनं' ४०० टक्क्यांच्या पुढे जातात. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये, म्हणजे खाद्यात घालायच्या गव्हाच्या प्रथिनात, हे मिसळलेलं होतं. मार्च २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत कोट्यवधी डबे आणि पाउच परत बोलवावे लागले. कितीतरी प्राणी मूत्रपिंडं निकामी होऊन गेले. लेबलवरचा आकडा तपासणीत बरोबर येत होता आणि खाद्य विषारी होतं. पुढच्याच वर्षी चीनमध्ये बाळांच्या दुधात हाच प्रकार उघड झाला. पाळीव प्राण्यांच्या वाटीत आधी दिसलेलं संकट माणसाच्या बाळापर्यंत पोचलं, हे आठवलं की आजही मन सुन्न होतं.

त्या घटनेनंतर जपानने पाळीव प्राण्यांच्या खाद्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि जून २००९ पासून तो लागू झाला. पाकिटावर पाच गोष्टी, जपानी भाषेत: नाव, मुदत, घटक, मूळ देश, जबाबदार व्यवसायाचं नाव-पत्ता. पाचच, पण न चुकता.

एक ग्राहक जर्मनीहून भाच्याने आणलेली पिशवी घेऊन आला होता. भाषांतराच्या ॲपने त्यावरच्या एका शब्दाचा अर्थ 'कच्ची राख' असा दाखवला आणि हा हबकला. "कुत्र्याले राख खाऊ घालतात का हे?" राख कोणी घालत नाही. खाद्याचा नमुना भट्टीत ५५० अंशांवर जाळला की जे उरतं ते खनिजांचं प्रमाण दाखवतं. हाडांचा चुरा जास्त असेल तर ही राखही जास्त. युरोपात हा आकडा छापणं बंधनकारक आहे, अमेरिकेत नाही. त्याच पिशवीवर 'आलाइनफुटरमिटेल' असा लांबलचक शब्द होता. तो मिरवायला छापलेला नव्हता, कायद्याने मागितलेला होता. त्याचा अर्थ पूर्ण खाद्य: रोज फक्त हेच दिलं तरी प्राण्याला सगळं मिळतं. हा शब्द नसून 'पूरक' असेल तर तेवढ्यावर कुत्रा जगवू नका. आणि खाद्य कोणत्या प्राण्यासाठी आहे, हेही तिथे लिहावंच लागतं.

दाव्यांबाबत मात्र अमेरिका आणि युरोप एका सुरात बोलतात. ज्वारी-हळदीची बिस्किटं करणाऱ्या एकाला पाउचवर 'सांधेदुखी बरी करते' लिहायचं होतं. आपल्याकडे घरोघरी हळद औषध म्हणूनच ओळखली जाते, त्यामुळे त्याला यात काही वावगं वाटेना. पण बिस्किटाने रोग बरा होतो म्हटलं की अमेरिकेत ते बिस्किट औषध ठरतं, आणि युरोपात खाद्यावर असा दावा करताच येत नाही. ती ओळ आम्ही काढून टाकली. 'हळद घातलेली' एवढं ठेवलं.

भाषा, तारखा, मापं

हे थोडक्यात सांगते. कॅनडात नाव आणि वजन इंग्रजी व फ्रेंच दोन्हींत. युरोपात ज्या देशात विकायचं त्या देशाची भाषा, म्हणून तिथल्या पाकिटांवर आठ-दहा भाषांची गर्दी दिसते. अमेरिकेत पौंड आणि किलो दोन्ही: ५ पौंड, म्हणजे २.२७ किलो. तारीख सर्वांत फसवी. ०३/०४/२६ आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च आणि वर्ष आधी लिहिणाऱ्या जपानी वाचकाला काही वेगळंच. मी ग्राहकांना महिना अक्षरांत छापायला लावते.

भारतात सक्तीची माहिती देवनागरी लिपीतल्या हिंदीत किंवा इंग्रजीत चालते. मराठी जोडायला मनाई नाही, सक्तीही नाही.

पत्ता कोणाचा?

सगळ्या देशांच्या लेबलांत एक ओळ सारखी सापडते आणि तीच सर्वांत कमी वाचली जाते: पत्ता. युरोपात डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या उत्पादन-सुरक्षेच्या नव्या नियमाने नागपूरच्या उत्पादकाला सांगितलं, तुमचा हिंगण्याचा पत्ता ठेवा, पण आमच्या हद्दीत उत्तर देणारं कोणीतरी दाखवा. भारत आयातदाराचं नाव मागतो, जपान जबाबदार व्यवसायाचं. काही बिघडलं तर कोणाच्या दारावर थाप मारायची, हे लेबल सांगतं. बॅच नंबरही त्यासाठीच, की थाप मारताना कोणत्या दिवशीचा माल ते सांगता यावं.

म्हणूनच बॅगेतून आणलेली परदेशी पिशवी मला धोक्याची वाटते. ती चांगली असेलही. पण तिच्यावरचा फोन नंबर तिथला, पत्ता तिथला. इथे आयातदाराचा स्टिकर लागलेली तीच पिशवी महाग पडते, आणि त्या जादा पैशात इथे उत्तर देणारा माणूस मिळतो. शिवाय 'थंड, कोरड्या जागी ठेवा' हे वाक्य हॅम्बुर्गमध्ये लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पिशवी गच्चीखालच्या खोलीत ठेवलेली असते. खाद्यातली चरबी त्या उन्हात खवट होते. छापलेली मुदत तिथे कामाची नाही, वास घेऊन बघावं लागतं.

सुट्या नळीला तर पत्ताच नाही. आपल्या औषध-नियमांत प्राण्यांच्या औषधावर 'माणसांसाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी' हे शब्द आणि पाळीव जनावराच्या डोक्याचं चिन्ह असावं लागतं. माणसाच्या गोळ्यांत ते मिसळू नये म्हणून ही ओळ आहे आणि ती योग्यच आहे. पण ती माणूस आणि जनावर यांच्यामध्ये रेघ ओढते, कुत्रा आणि मांजर यांच्यामध्ये नाही. अमेरिकेत मानेवर टाकायच्या थेंबांमुळे प्राण्यांना त्रास झाल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा २०१० मध्ये ईपीएने ठरवलं की कुत्र्याचं आणि मांजराचं पाकीट स्पष्ट वेगळं दिसलं पाहिजे, वजनाप्रमाणे मात्रा नीट लिहिली पाहिजे आणि दोघांसाठी सारखी वाटणारी नावं नकोत. ऑस्ट्रेलियात विकिरण केलेल्या, म्हणजे किरणांचा मारा करून निर्जंतुक केलेल्या, खाद्याने मांजरांच्या मज्जासंस्थेला इजा झाली, तेव्हा २००९ मध्ये मांजरांच्या खाद्यावर ती प्रक्रियाच बंद केली आणि तशा कुत्र्याच्या खाद्यावर 'मांजरांना देऊ नये' लिहायला लावलं.

दुकानातून अशी नळी घ्याल तर खोक्यासकट घ्या. एकच हवी असेल तर खोक्याच्या चारही बाजूंचे फोटो काढा आणि दुकानदाराला तुमचा प्राणी कोणता ते आधी सांगा. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील तर कुत्र्याला थेंब टाकल्यावर ते सुकेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा; मांजर त्याच्या अंगाला अंग घासतं, चाटतं.

संत्र्याच्या शाम्पूचं भारतातलं लेबल गेल्या महिन्यात छपाईला गेलं. लिमोनीन मांजरांनाही बाधतं, म्हणून मी ग्राहकाकडे हट्ट धरला की इशारा खोक्यावर नको, बाटलीवरच हवा आणि मराठीत हवा. जागा नव्हती. 'नैसर्गिक' हा शब्द लहान करून मागच्या बाजूला नेला आणि समोर नावाखाली जाड अक्षरांत ओळ बसवली: फक्त कुत्र्यांसाठी. मांजरांना लावू नका. प्रूफ घेऊन काकूंकडे गेले. मनी ओट्यावर ताणून झोपली होती. काकूंनी चष्मा शोधला नाही. कागद हातभर लांब धरला आणि ओळ मोठ्याने वाचली.

"हे दिसते मले," म्हणाल्या.